बाथरूमच्या चौकटी

कल्याणला माझी लाकडाची वखार आहे. माल मलेशियाचा. दाराच्या चौकटींना लागतं ते तांबूस, जड लाकूड. जंगलं तुटतात अशा बातम्या लागल्या की मी तिकडच्या कंपन्यांना मनसोक्त शिव्या घालायचो. आपण काय, बंदरात उतरलेला माल विकतो, हे माझं ठरलेलं उत्तर होतं.

वखारीत एक मेस्त्री होते, कोकणातले, माझ्याहून वयानं मोठे. नवा माल आला की पहिल्या ओंडक्याला हळदकुंकू लावून हात जोडायचे. त्यांच्या गावी झाड तोडण्याआधी त्याची माफी मागायची रीत. मी चेष्टा करायचो, "मेस्त्री, झाड पडून महिने झाले. आता कसली माफी?" एकदा ते म्हणाले, "तिकडे मागितली असेल असं वाटत नाही, शेठ."

ठाण्यात बाळकुमला एका टॉवरचं काम आलं तेव्हा मी हवेत होतो. घरातल्या प्रत्येक दाराला लाकडी चौकट, बाथरूमलासुद्धा. घर बघायला येणारे चौकटीवर टकटक करून बघतात, म्हणून बिल्डरला भरीव लाकूड हवं होतं. मापं घ्यायला मेस्त्रींना सोबत नेलं, हीच माझी चूक. बिल्डरनं विचारलं, "टिकेल ना?" मी तोंड उघडायच्या आत मेस्त्री म्हणाले, "बाथरूमात नाही टिकणार, साहेब. खालून कुजेल. तिथे दगडी चौकट लावा."

बिल्डरला ते पटलं. बाथरूमच्या सगळ्या चौकटी माझ्याच पेननं ऑर्डरमधून खोडाव्या लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परतताना रिक्षात मी त्यांना नाही नाही ते बोललो. कल्याणला उतरताना ते म्हणाले, "तुमचं नुकसान केलं, कळतंय मला. पण कुजवायला झाड कशाला आणायचं, शेठ? आपण मागवतो म्हणून ते पाडतात."

रात्रभर राग धरून बसलो, पण बंदरात उतरलेला माल विकतो हे माझं ठरलेलं उत्तर मलाच पटेना. टकटक करणारे, बिल्डर, मी, सगळे मिळून ते जंगल इथे मागवत होतो. आता टिटवाळ्याला घर बांधणारी गिऱ्हाइकं आली की बाथरूमला दगड लावा, हे मीच आधी सांगतो. काहींना मी वेडा वाटतो. वाटू दे.

मेस्त्रींचा मी फार ऋणी आहे. जंगल तोडणाऱ्यांत मीही आहे, हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं, आणि एवढं ऐकून घेऊनही दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आले.