टपालाच्या पत्त्यावरचा जन्म

सिव्हिल लाइन्सच्या कार्यालयात फौजी कुटुंबांचे अर्ज पाहणारे बाबूजी प्रत्येक कागद मोठ्यानं दोनदा वाचायचे. मला त्याची चीड यायची. रांग ताटकळत राहायची आणि आपलं घरचं सगळ्यांना कळायचं.

माझी मुलगी भूतानमध्ये जन्मली. यांचं फौजेतलं पोस्टिंग तिथे होतं. दूतावासात नोंद केली होती, पण तो कागद बदल्यांमध्ये हरवला. आता पासपोर्टसाठी त्याची नक्कल हवी होती, आणि आम्ही दूतावासाला परस्पर पाठवलेल्या दोन्ही अर्जांना 'अशी नोंद सापडत नाही' असं उत्तर आलं होतं. "मग मी कुठली, आई?" मुलीनं विचारलं.

तिसरा अर्ज मी बाबूजींकडे नेला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि जन्मस्थानावर बोट ठेवलं.

"हे काहून लिहिलं, दीदी?"

"आमचा तिथला पत्ता." फौजेचा टपाल क्रमांक होता तो, गावाचं नाव नसलेला. माहेरची पत्रं त्यावरच यायची. हात आपोआप तेच लिहायचा; आधीच्या दोन्ही अर्जांतही तेच होतं.

"अरे, टपालाच्या पत्त्यावर कुणी जन्मतं काय? नोंद गावाच्या नावानं असते, मी गाव विचारून राहिलो."

जेवणाचा उघडलेला डबा बाजूला सारून त्यांनी गावाचं नाव घालून नवा अर्ज स्वतः लिहिला.

महिन्याभरात नक्कल बाबूजींकडे आली. घ्यायला गेले तेव्हा मुलगी सोबत होती. बाबूजींनी पहिल्यांदाच कागद न वाचता पुढे केला. "चलो बेटा, तू वाच. दोनदा."

तिनं दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाच, असं मीच म्हटलं.