जाज म्हणजे झांज

आमच्या घरात मराठी बोलतात आणि तमिळ अक्षरांत लिहितात. शाळा तमिळ, बाजार तमिळ, बसवरच्या पाट्या तमिळ. देवनागरी आमच्या पिढीत पोथीपुरती उरली, तीही ओळीखाली बोट धरून वाचण्याइतकी. मी ती नीट शिकले चाळिशीनंतर, निव्वळ हट्टाने. पुण्याहून कुणी पाहुणा कुंभकोणमला आला की आमचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसतो आणि बखरीतल्या माणसांशी गप्पा मारल्यासारखं वाटलं म्हणतो. मला राग येतो. महाराष्ट्रातून इथे येऊन तीनशे वर्षं कुणाच्या मदतीवाचून एक भाषा घरात राखून ठेवली, तिला हसायचं काय कारण आहे? पण तमिळ अक्षरांचा घोटाळा खरा आहे, आणि मी सांगते ती गोष्ट त्या घोटाळ्यातूनच झाली.

मी इथल्या बायकांच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. जॅझचं वेड मला लागलं ते त्याच्या कितीतरी आधी, शाळेत असताना. वडिलांचा शॉर्टवेव्ह रेडिओ होता. पहाटे ते बातम्या शोधत आणि काटा फिरवताना मधेच कुठलंतरी दूरचं स्टेशन लागे. एकदा तिथे एक कर्णा वाजत होता. वडील म्हणाले, हा माणूस मनोधर्माने वाजवतोय, आणि काटा तिथेच राहू दिला. मनोधर्म म्हणजे आमच्याकडच्या गाण्यातला तो भाग, जिथे लिहिलेलं संपतं आणि गवई स्वतःच्या जिवावर पुढे जातो. वडिलांनी जॅझविषयी आयुष्यात एवढं एकच वाक्य उच्चारलं, आणि ते मी नंतर वाचलेल्या जाडजूड पुस्तकांपेक्षा बरोबर होतं.

त्यानंतर कॅसेटी, मग सीडी, आता फोन आणि दोन चांगले स्पीकर. अमेरिकेत ज्यांना वस्तू म्हणून विकलं गेलं त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी लष्करी बँडमधून उरलेले कर्णे आणि ढोल हाती घेतले आणि जगाला नवं संगीत दिलं, याचा मला असा अभिमान वाटतो की जणू ते माझे चुलतभाऊ. आपली वाट बंद झाली की घरातलं जे आहे ते घेऊन बसायचं, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. आणि ते संगीत तिकडेच राहिलं असंही नाही. आमच्या गावच्या लग्नांत सनईसारख्या नादस्वराशेजारी सॅक्सोफोनवाला बसतो, जुन्या तमिळ सिनेमागाण्यांत मधेच ती ढोलाची लचक येते, आणि ऐकणाऱ्याला पत्ताही नसतो की ही कुठल्या समुद्रापलीकडून आली.

निवृत्तीनंतर मी ठरवलं की शनिवारी दुपारी चारला आमच्या पुढच्या खोलीत जॅझ लावायचं, ज्याला यायचं त्याने यावं. पहिल्या महिन्यात दोघं आली: माझा दातांचा डॉक्टर आणि दारासुरमची एक विणकरीण, जी माझी जुनी विद्यार्थिनी. ती म्हणाली, मागाचा ठोका दिवसभर कानात असतो, दुसरा कसलातरी ठोका ऐकायचा आहे. मला वाटलं, घरच्यांनाही बोलवावं. म्हणून आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप गटावर मी नेहमीप्रमाणे तमिळ अक्षरांत मराठी लिहिलं: शनिवारीं चार वाजतां आमच्या घरीं जॅझ, अवश्य येणें.

आता तमिळमध्ये झ नाही, ज आहे तोही उसना, आणि ॅ तर नाहीच. मी जे लिहिलं ते वाचायला 'जाज' झालं. आमच्या घरात झांजही अनुस्वार गाळून तशीच लिहितात, म्हणून आमच्या कानाला जाज म्हणजे झांज.

शनिवारी साडेतीनलाच काका आले. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर. कमरेला पांढरीशुभ्र वेष्टी, कपाळाला बुक्का, आणि हातात लाल फडक्यात बांधलेली त्यांची झांज.

ती झांज पाहिली आणि घोटाळा माझ्या लक्षात आला. पन्नास वर्षं काकांनी विठ्ठलाच्या मठात भजनाला झांज धरली. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, पण हात पहिल्यासारखे झाले नाहीत. भजन जलद लयीत गेलं की त्यांचा ठोका मागे पडायला लागला. भागवतर, म्हणजे आमच्या मठात भजन चालवणारे, यांनी एका एकादशीला फार गोड बोलून झांज दुसऱ्याच्या हाती दिली आणि काकांना म्हणाले, तुम्ही आता निवांत बसून ऐका. तेव्हापासून काका मठात गेले नव्हते. घरात कुणी विषय काढला की ते पेपर उघडत. आणि आता ते माझ्या ओसरीवर उभे होते, कारण कुणीतरी अखेर त्यांना झांजेला बोलावलं होतं.

खरं सांगायचं तर मला खरं सांगता आलं नाही. मी म्हटलं, बसा काका, आधी थोडं ऐकू. त्यांनी फडकं सोडलं, झांज मांडीवर घेतली आणि तयार होऊन बसले. तेवढ्यात आलेल्या डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मी फोनवरून एक संथ चालीची रेकॉर्ड लावली: पियानो, उभा मोठा बास आणि ढोल, तिघंच. पियानो सुरू झाला, काकांच्या चेहऱ्यावर काही नाही. बास पावलं टाकत चालू लागला, तरी काही नाही. माझ्या मनात आलं की आता ते विचारतील, भजन केव्हां. मग ढोलवाल्याने मोठ्या काशाच्या थाळीवर काठी ठेवली, टिंग, टि-टिंग, टि-टिंग, आणि काकांची मान वर आली. पूर्ण रेकॉर्ड त्यांनी तशीच, स्पीकरकडे मान करून ऐकली. संपल्यावर म्हणाले,

"हा झांजवाला मागें राहतो. पण चुकत नाहीं."

शाळेपासून मी जॅझ ऐकत होते. ढोलवाला लय ठेवतो ती मुख्यतः ढोलावर नाही, त्या काशाच्या थाळीवर, हे मी वाचलं होतं, लोकांना ऐटीत सांगितलंही होतं. पण हे संगीत म्हणजे मुळात झांजेचंच आहे आणि बाकी सगळे तिच्या भोवती वाजवतात, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. मी चुकीचं लिहिलं होतं आणि काकांनी बरोबर वाचलं होतं. मी जी चूक सावरायला निघाले होते तिथे सावरण्यासारखं काही नव्हतंच.

त्या दिवसापासून काका दर शनिवारी येऊ लागले. नावं त्यांना नको असत. देश, साल, कुणाचा गुरू कोण, हे मी सांगायला लागले की ते हात वर करत. त्यांना फक्त झांजवाले हवे असत. एकाला ते घाईवाला म्हणत, एकाला पोट भरलेला, आणि एकाला, जो काठीऐवजी तारांच्या झाडूने नुसतं घासतो, त्याला चोखट. चोखट हा शब्द महाराष्ट्रात आता कुणी रोज वापरत नाही. आमच्याकडे ती सगळ्यात मोठी शाबासकी आहे. त्यांनी हेही हेरलं की आम्ही टाळी पहिल्या मात्रेवर देतो आणि ही माणसं दुसरीवर आणि चौथीवर देतात. महिनाभर ते सोप्यावर बसून मांडीवर दुसरी आणि चौथी धरत होते. काकू मला फोन करून म्हणाली, काय शिकवून ठेवलंस, जेवतांना देखील चालू आहे.

मग एका शनिवारी एक थाळी वाजली तिचा नाद वेगळा होता. ठोका पडला की मागे बराच वेळ सळसळ चालू राही, कढईत मोहरी तडतडावी तशी. काकांनी ते चार वेळा लावायला लावलं आणि हें कसें करितात म्हणून विचारलं. मी सांगितलं: थाळीच्या काठाजवळ बारीक भोकं पाडतात आणि त्यांत सैल खिळे बसवतात, थाळी थरथरली की खिळे तिच्यावर नाचतात, म्हणून आवाज लवकर विरत नाही. काकांनी मांडीवर एक मात्रा धरली, एक सोडली. मग म्हणाले, म्हणिजे एक ठोका दोन ठोक्यांचें काम करितो.

मला तेव्हा समजलं की ते काय मोजत होते. जलद भजनात त्यांचा हात दर मात्रेला पोचत नव्हता. एक आड एक पोचला असता.

सोमवारी आम्ही नाचियारकोविलला गेलो, बसने, झांज लाल फडक्यात काकांच्या मांडीवर. तिथे पितळेचे दिवे ओतणारे आहेत. त्यांतला एक माझ्या ओळखीचा, कॉलेजच्या समईचं काम त्याने केलं होतं. त्याने झांज हातात घेतली, बोटाने टिचकी मारली आणि परत दिली. म्हणाला, हे पितळ नाही, कासं आहे. यात भोक पाडायला गेलं की काचेसारखं तडकतं. मी त्याला सांगायला लागले की हळू फिरवलं, गार ठेवलं, तर तापून ताण येणार नाही. तो म्हणाला, मॅडम, कॉलेजात शिकवा. मी हट्ट सोडला, कारण त्याचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, आणि झांज माझ्या आजोबांची होती. काकांना त्यांच्या वडिलांनी दिलेली ती एकच वस्तू त्यांच्याकडे उरली होती. मी म्हटलं, काका, नवी घेऊ आणि तिला भोकं पाडू.

काकांनी झांज पुन्हा त्याच्यापुढे ठेवली. "फडक्यांत राहिली तर ती फुटलेलीच आहे," ते म्हणाले. हे ते त्याला तमिळमध्ये म्हणाले आणि मग माझ्याकडे वळून तेच मराठीत.

त्याने भोकं पाडायचा, हाताने फिरवायचा सामता काढला. दोरीचा, आजाच्या वेळचा. वर पाण्याची धार धरायला मला बसवलं. डाव्या हाताच्या झांजेला दोन भोकं, कारण डावी नुसती धरायची असते आणि ठोका उजवी देते. पहिलं भोक पडायला पाऊण तास लागला असेल. काका तेवढा वेळ बाहेर भाताच्या खाचरांकडे तोंड करून उभे होते. दुसऱ्या भोकाच्या शेवटी एक बारीक आवाज झाला आणि दिवेवाला थांबला. मी डोळे मिटले. तो म्हणाला, काही नाही, आरपार गेलं. पितळेचे दोन खिळे त्याने स्वतःच घडवले, सैल बसवले, मागून ठोकून चपटे केले आणि झांज काकांच्या हातात दिली. काकांनी एकदा वाजवली. सळसळ दारातून बाहेर गेली आणि रस्त्यावरचा सायकलवाला वळून बघायला लागला. दिवेवाल्याने पैसे घेतले नाहीत. त्याने पुन्हा वाजवायला सांगितलं.

त्यानंतरची एकादशी. सकाळचं भजन, मठ भरलेला. काका इतक्या महिन्यांनी आत आले म्हणून सगळ्यांनी जागा दिली, पण ती मागे, खांबाला टेकून, ऐकणाऱ्यांची. मी बायकांच्या बाजूला बसले होते. परीक्षेला माझ्या विद्यार्थिनी बसायच्या तेव्हाही मला इतकी भीती वाटली नव्हती. अभंग सुरू झाला, मृदंग चढला, पुढचा झांजवाला दर मात्रेला खणखणायला लागला. दोन ओळी काका नुसते बसून राहिले. तिसरीला त्यांनी फडकं सोडलं.

दुसरीवर एक. चौथीवर एक. मधे नुसती सळसळ.

ती सगळ्या भजनाखाली पसरली. पुढच्या झांजवाल्याचा हात आपोआप हलका झाला. मृदंगवाल्याने मान वळवली. भागवतर ओळ संपवून थांबले, सगळे थांबले, आणि त्या शांततेत खिळे अजून वाजतच होते.

"हें काय?" भागवतरांनी विचारलं.

"जाज," काका म्हणाले.

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी ऐकलं झांज, मी एकटीने ऐकलं दोन्ही. भागवतर थोडा वेळ त्या डाव्या झांजेकडे, तिच्या दोन खिळ्यांकडे बघत राहिले. त्यांनी आपल्या शेजारची सतरंजी हाताने झटकली आणि सरकून जागा केली. काका उठून पुढे गेले, एक पाय किंचित ओढत, आणि बसले.

भागवतरांनी तीच ओळ पुन्हा घेतली. या वेळी तिची सुरुवात त्यांनी केसभर मागे ओढली, काकांच्या हाताकडे बघत. मी दुसरीवर आणि चौथीवर टाळी द्यायला लागले, आणि माझ्या शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसून सांगितलं की मी चुकते आहे.