कोंडवाड्याचे पाचशे रुपये

आमची नगरपालिका नवीकोरी होती आणि मीही. चार ग्रामपंचायती जोडून ती त्या जूनमध्ये जन्माला आली आणि जुलैत मी तिथे लेखापाल म्हणून रुजू झालो. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. गाव खालापूर तालुक्यातलं, घाटाच्या पायथ्याचं. मी राहायचो दहिवलीला एका खोलीत, नुकतंच लग्न झालेलं, आणि सकाळी कर्जतहून पळसदरीमार्गे रेल्वेने कामावर जायचो. मूळचा मी सोलापूरकडचा, बी.कॉम. झालेला. आकडेमोडीत माझा हात कोणी धरणार नाही अशी माझी पक्की समजूत होती आणि ती मी कोणापासून लपवत नसे.

सप्टेंबरअखेर जिल्ह्याहून पत्र आलं, की मार्चपर्यंतच्या उरलेल्या सहा महिन्यांचं अंदाजपत्रक आठ दिवसांत पाठवा. पत्राच्या खाली तांबड्या शाईने अधोरेखित केलं होतं, की तूट दाखवता कामा नये. म्हणजे खर्च जमेपेक्षा एका रुपयानेही जास्त दिसायचा नाही. जुन्या ग्रामपंचायतींची दप्तरं चाळावीत म्हटलं तर त्यातली निम्मी वाळवीने वाचून संपवलेली. माझ्या हाताशी होते फक्त आमचे स्वतःचे तीन महिन्यांचे आकडे.

मी बाह्या सरसावल्या. जमेला जकात, घरपट्टी, बाजार फी, सायकलींचे बिल्ले, बैलगाड्यांवरचा कर. खर्चाला रस्ते, दिवे, नळ, पगार. खर्च काही केल्या आवरेना. मी फिनेल निम्म्यावर आणलं. सहा झाडूंचे चार केले. पाहुण्यांना घालायच्या हारांची रक्कम कापली तेव्हा अध्यक्षांचा चेहरा इतका पडला, की तिच्यातली थोडी मला परत घालावी लागली. चार दिवस ही ओढाताण करून तूट पाचशे चाळीस रुपयांवर आली आणि तिथे ठाण मांडून बसली.

पाचव्या दिवशी माझी नजर कोंडवाड्यावर गेली. दुसऱ्याच्या शेतात शिरलेली गुरं तिथे आणून कोंडायची आणि मालकाने दंड भरला की सोडायची, असं ते काम. तिथला रखवालदार पन्नाशीचा, साजगावच्या बाजूचा, घरची थोडी भातशेती असलेला. सगळं गाव त्याला मामा म्हणे, मीही म्हणू लागलो. कोंडवाड्याचं उत्पन्न जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर तिन्ही महिने नव्वदच्या आसपास होतं. मी त्रैराशिक मांडलं. महिन्याला नव्वद, तर मार्चअखेरपर्यंत सहा महिन्यांचे किती? पाचशे चाळीस! मी टेबलावर अशी थाप मारली, की दौत कलंडली. संध्याकाळी कर्जत स्टेशनवर चार वडे घेतले आणि बायकोला म्हटलं, ‘‘आज नगरपालिका वाचवून आलोय.’’

सभेत दिव्याचा खांब कोणाच्या दारात उभा राहावा यावर तीन तास भांडण झालं. कोंडवाड्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही आणि अंदाजपत्रक मंजूर झालं.

ऑक्टोबरात कोंडवाड्याचे चाळीस रुपये आले. नोव्हेंबरात एक पैसा आला नाही. डिसेंबरचा पहिला आठवडाही कोरा गेला तसा मी तणतणत कोंडवाड्यावर गेलो. फाटक सताड उघडं आणि आत मामा उन्हात बसून दोर वळत होते.

‘‘मामा, गुरं कुठेत?’’

‘‘रानात.’’

‘‘मग पकडून आणा की!’’

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू नदी उचलून आणायला सांगितली होती. ‘‘भाऊसाहेब, भात कापलं नं आता. भात उबं असतं तवर गुरू शिरलं तर नुकसान. आता शेतात हाय काय खायाला? दिवाळी झाली का आमी सगळी गुरं मोकली सोडतो. पार पावसापातूर कोन कोनाचं गुरू धरत नाय.’’

इकडचं पोरही जे जाणतं ते मला ठाऊक नव्हतं. पावसाच्या तीन महिन्यांवरून मी उरलेलं वर्ष मोजलं होतं. मी धावत अध्यक्षांकडे गेलो. ते स्वतः भातवाले, घरी वीस गुरं बाळगून. ‘‘तुम्हाला हे माहीत होतं ना?’’ मी विचारलं.

‘‘होतं की. पण म्हटलं, एवढा शिकलेला माणूस लिहितोय, म्हणजे काही तरी शक्कल काढली असेल.’’

फेब्रुवारीच्या सभेत व्हायचं तेच झालं. विरोधी बाजूला एक कापडदुकानदार सदस्य होते, शेतीशी संबंध नसलेले पण आकड्यांना तिखट. त्यांनी माझाच कागद वर धरला. ‘‘दरमहा नव्वद लिहिलेत. आले किती? चार महिन्यांत चाळीस! एक तर लेखापालाला हिशेब येत नाही, नाही तर रखवालदार झोपा काढतो. दोन्हींपैकी काय ते सांगा.’’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामा दाराशी पाण्याची कळशी घेऊन उभे होते, कारण कोंडवाडा रिकामा असला की सभेला पाणी द्यायचं काम त्यांच्याकडे असे. मी अजून कायम झालो नव्हतो. आकडा माझा, चूक माझी, हे चार शब्दांचं वाक्य होतं. मी उठून म्हणालो, ‘‘वसुली वाढवण्याबाबत संबंधितांना सूचना देण्यात येतील.’’ असलं वाक्य मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. ते माझ्या तोंडून इतकं सहज आलं याची मला आजही लाज वाटते.

‘‘मार्चअखेर पाहू,’’ दुकानदार म्हणाले. ‘‘पाचशे रुपये आले तर ठीक. नाही तर रखवालदार पावसाचे चार महिने ठेवावा, आठ महिने घरी.’’ अध्यक्षांनी थोडी खळखळ केली, पण तसंच ठरलं. मामांच्या घरात रोख पैसा येई तो फक्त या पगाराचा.

सभा सुटल्यावर मी मामांना टाळून मागच्या दाराने निघालो, तर ते तिथेच उभे.

‘‘पाचशेच कमी हायेत नं, भाऊसाहेब? मंग शेन इकू.’’

त्यांनी मला कोंडवाड्याच्या मागे नेलं. मी कितीदा तरी त्या भिंतीच्या अलीकडे आलो होतो, पलीकडे कधी गेलो नव्हतो. तिथे पावसाळाभरच्या शेणाचा, पेंढ्यासकट मुरलेला, पुरुषभर उंचीचा ढीग होता. मामा म्हणाले, ‘‘आता राबाचं दिस.’’ राब म्हणजे काय तेही त्यांनीच समजावलं. भाताची रोपं जिथे करायची तेवढ्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत अंथरायचं, पावसाच्या आधी ते जाळायचं आणि त्या राखेत बी पेरायचं. ‘‘या दिसांत शेनाला मागंल तो भाव. दवंडी द्या आन् मजा बघा.’’

मी ऑफिसात येऊन नियमांचं पुस्तक उघडलं. कोंडवाड्यात जे उत्पन्न होईल ते पालिकेचं, असा अर्थ त्यातून स्वच्छ निघत होता. मला आनंदाने उडी मारावीशी वाटली.

लिलाव झाला मार्चच्या मध्यावर. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात गमतीचा दिवस. मी टेबल-खुर्ची टाकून शेणाच्या ढिगासमोर बसलो होतो, पुढ्यात पावतीपुस्तक. आसपासच्या गावांतून गाड्या जुंपून माणसं आली होती. ढिगात हात घालून, मूठभर शेण नाकाशी नेऊन ती अशी पारख करत, की सोनाराने मान खाली घालावी. दुकानदार सदस्यही नाकाला रुमाल लावून मजा पाहायला आले होते.

‘‘वीस!’’

‘‘काय रं, वीस काय बोलतंस? वीसमंदी तुजा बैल तरी शेनल का? बावीस!’’

‘‘बावीस तर बावीस, पन गाडी शिगोशीग भरून पायजेल!’’

गाडीमागे भाव पंचविसावर गेला. मामा ऐन मध्ये उभे राहून फावड्याने गाड्या भरून देत होते, एकेकाला चिडवत होते, एखाद्याने हात आखडला तर ‘‘ऱ्हाऊंदे, तुज्या राबात तनच उगवंल’’ म्हणत होते. दुपारपर्यंत ढीग जमिनीला टेकला. एकवीस गाड्या गेल्या आणि पाचशे पंचवीस रुपये जमले. दुकानदारांनी रुमाल काढून माझ्याशी हात मिळवला. ‘‘शाब्बास लेखापाल, शेणाचे पैसे केलेत!’’ मामांची नोकरी राहिली. मे महिन्यात मी कायम झालो आणि या युक्तीची शेखी मी सासुरवाडीपर्यंत मिरवली.

जुलैत घरपट्टीच्या मोजणीसाठी मी साजगावकडे गेलो. पाऊस उघडला होता, आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. बांधाच्या दोन्ही बाजूंना भाताची रोपं काळीभोर दाट उभी होती. मध्येच एक तुकडा पिवळट, विरळ, रोपं वीतभर उंचीची. तिथे एक बाई वाकून रोपं उपटत होत्या. मला आता राबातलं कळत होतं ना! मी बांधावरूनच म्हणालो, ‘‘मावशी, राब नीट भाजला नाही वाटतं.’’

त्यांनी कंबर सरळ केली. ‘‘भाजला हो. पन शेन कुटं हुतं? नुसत्या पाल्याचा केला. दरसाल कोंडवाड्याचं शेन आमालाच असतं, ग्रामपंचायत हुती तवापासून. औंदा हापिसानं इकलं. आमचे हे म्हनले, ऱ्हाऊंदे, भाऊसाहेबांचं काम अडलंय. नवीन मानूस हाय, लगीन झालंय आताच.’’

त्या मला ओळखत नव्हत्या. मी मोजणीची फीत हातात धरून तसाच उभा राहिलो. मी पुस्तकाला विचारलं होतं, की हे शेण कोणाचं. फाटकातल्या माणसाला विचारलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी पावसावर ढकलू शकलो नाही, पाऊस पडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मामांना गाठलं. ‘‘सांगितलं का नाही मला?’’

‘‘सांगतलं असतं तर तुमी घेतलं असतं का?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग?’’ ते हसले. ‘‘मन दोन मन भात कमी यील. पगार तर हाय नं.’’ आणि एका आडमुठ्या रेड्याला शिव्या घालत त्याला आत ढकलायला गेले.

पुढच्या फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडताना मी कोंडवाड्याचं उत्पन्न फक्त पावसाळ्याचं धरलं. शेणापुढे शून्य लिहिलं. मामांच्या बाकीच्या आठ महिन्यांसाठी कचेरीचं काम रीतसर नेमून दिलं आणि शेण रखवालदाराकडे राहील, असं टिपणात घातलं. अध्यक्षांना मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं आणि ते ठरावाला तयार होते. पण दुकानदार सदस्य चष्मा पुसत उठले. गेल्या साली शेणाचे पाचशे आणि या साली शून्य, हा काय प्रकार?

मी उभा राहिलो. ‘‘गेल्या वर्षीचा नव्वद रुपयांचा आकडा माझा होता आणि तो चुकीचा होता. रखवालदाराचा काहीच दोष नव्हता. तेव्हा मी भ्यालो आणि गप्प बसलो. हे इतिवृत्तात लिहून घ्यावं. आणि जे शेण आपण विकलं, ते वर्षानुवर्षं त्यांच्या शेताचं होतं.’’

दुकानदार खाली बसता बसता थांबले. आवाज उतरवून त्यांनी विचारलं, ‘‘म्हणजे गेल्या साली या पालिकेची तूट भरली कोणी?’’

मी दाराकडे हात केला. सगळी सभा तिकडे वळली. मामा कळशी घेऊन उभे होते. इतकी माणसं आपल्याकडे पाहताहेत म्हटल्यावर ते अदबीने एका बाजूला सरकले आणि आपल्यामागे कोण मोठा माणूस आलाय, ते वळून पाहू लागले.