बंदुकीच्या नळीतलं झेंडूचं फूल

काल खंडेनवमी झाली. अल ऐनच्या सनायात, म्हणजे इथल्या इंडस्ट्रियल एरियात, आमचं छोटं वर्कशॉप आहे. शटर अर्धं खाली ओढून लेथ, ड्रिल, ग्राइंडर सगळ्यांना हळदकुंकू लावलं... आणि फुलांच्या परडीपाशी हात अडखळला.

गेल्या वर्षी याच दिवशी अप्पा इथे होते. अप्पा म्हणजे माझे वडील, कोल्हापूरच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेले. हत्यारांची पूजा त्यांनी जन्मभर केली, तीही अगदी साग्रसंगीत. पान्यालासुद्धा फूल वाहिल्याशिवाय त्या दिवशी त्यांना चहा गोड लागत नाही.

आमचे पार्टनर अबू सैफ, साठीचे अमिराती गृहस्थ. जागा आणि लायसन्स त्यांचं, मेहनत आमची. दर खंडेनवमीला ते शिऱ्यासाठी हजर असतात... पूजेला हात लावत नाहीत, पण खुर्ची टाकून कौतुकाने बघत बसतात.

गेल्या वर्षी आले ते एक लांबडी बॅग घेऊन. आत अबू धाबीच्या प्रदर्शनातून घेतलेली लीव्हर-अ‍ॅक्शन रायफल होती. शंभर वर्षांपेक्षा जुनी... ट्रिगरखालचं लोखंडी कडं खाली-वर केलं की काडतूस आत सरकतं, तसली.

रायफल मिळाली, पण त्या मापाची काडतुसं आता सहसा कुणी बनवत नाही. वर्षभर वाट बघून एक डबी हाती आली होती. सकाळीच नळी घासूनपुसून ते शूटिंग क्लबला निघाले होते, वाटेत आम्हाला दाखवायला थांबले.

खंडेनवमीला हत्यार आपल्या पायांनी दारात आलेलं बघून अप्पांना राहवेना. त्यांनी मला विचारायला लावलं. अबू सैफ हसले, "बाबा पूजा करो, हम देखेगा. मुश्किल नहीं."

अप्पांनी ओली हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. दस्त्याला माळ घातली आणि नळीच्या तोंडात झेंडूचं एक बारकं फूल. ते सारखं पडत होतं, म्हणून अंगठ्याने दाबून बसवलं.

अबू सैफना इतकी गंमत वाटली की त्यांनी मोबाइल काढून फोटो घेतला. निघताना त्यांनीच ते फूल ओढून काढलं आणि अप्पांच्या टोपीत खोचलं. "यल्ला, बाबा भी चलेगा!" अप्पा लहान मुलासारखे खूश झाले.

क्लबात आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो, कान झाकून. पहिला बार झाला... आवाज वेगळाच आला, बसका. अबू सैफ मटकन खाली बसले आणि त्यांच्या पायघोळ, पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यावर रक्त पसरत गेलं.

नळी मधोमध फाटली होती. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशी झाली. अबू सैफनी क्लबवाल्यांना सांगून टाकलं, लोखंड जुनं होतं, खलास. सगळ्यांना पटलं. जुनी बंदूक, फाटली... आणखी काय विचारणार?

बार झाला त्या रात्री घरी येऊन अप्पांनी टोपी काढली, तर आतून नुसत्या पाकळ्या गळल्या. फुलाचं हिरवं बोंड नाही, देठ नाही. ते नळीतच राहिलं, आत घसरलं आणि गोळीच्या वाटेत अडकलं, हे आम्हा दोघांनाही त्याच क्षणी कळलं.

अप्पा जेवले नाहीत. "मला त्यांच्याकडं ने," एवढंच म्हणाले. वर्कशॉप त्यांचं, माझा व्हिसा त्यांच्या लायसन्सवर, आणि उद्या केस झाली तर या वयात अप्पांना परदेशात कोर्टाची पायरी चढावी लागणार... मी म्हणालो, अप्पा, कुणाला ठाऊक नाही, गप्प बसू.

"मला ठाऊक हाय न्हवं," अप्पा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी गेलो हॉस्पिटलमध्ये. अप्पांनी मराठीत सांगायला सुरुवात केली आणि माझ्याकडे बघितलं, हिंदीत सांग म्हणून. माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी ते स्वतःच बोलले. "फूल... मैं डाला. मेरे से हुआ." आणि हात जोडून उभे राहिले.

अबू सैफनी उजव्या हाताने मोबाइल उचलून तो फोटो आमच्यासमोर धरला. "मालूम बाबा. पहले दिन से मालूम. तुम डाला, निकाला हम. बंदूक हमारा... अंदर देखना हमारा काम."

अप्पा पलंगाच्या कडेला बसून ढसाढसा रडले. अबू सैफ रडले नाहीत, समजूतही घातली नाही. तोंड भिंतीकडे करून पडून राहिले. माफ केलं असं ते तेव्हा म्हणाले नाहीत, आजवर म्हणालेले नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

काल ते येतील असं वाटलं नव्हतं. आले. खुर्ची टाकून नेहमीच्या जागी बसले. शिऱ्याची बशी डाव्या हातात धरवेना, म्हणून मी धरली आणि त्यांनी उजव्या हाताने खाल्लं.

तेवढ्यात कोल्हापूरहून अप्पांचा व्हिडिओ कॉल आला. यंदा त्यांनी घरी पान्यांची पेटी उघडलीसुद्धा नाही. स्क्रीनवर त्यांना तो हात दिसला असावा. म्हणाले, "फूल वर ठेव रे. नुसतं वर ठेव."

अबू सैफनी विचारलं, बाबा क्या बोला? या वेळी मी शब्दन् शब्द सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि उरलेला शिरा संपवला.

बोटं काही परत येणार नाहीत. पण माणूस दारात परत आला... यापुढे देवाकडे आणखी काही मागायला मला तोंड नाही.