सौनानंतरचे आकडे

काल तळ्याच्या धक्क्यावर माझी सतरंजी अर्धी घासून झाली होती, उरलेल्या अर्ध्यावर फेस तसाच होता, तेवढ्यात ओइवा सौनातून, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघरातून, लालबुंद होऊन बाहेर आला. तळ्यात एक बुडी मारली, बाकावर बसला आणि दंडाला रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा गुंडाळला.

"एल्मा, बघ. एकशे बारा. तरण्या पोराचा आकडा."

ओइवा माझा थोरला भाऊ. वय एकाहत्तर, बायको जाऊन सहा वर्षं झाली. दर रविवारी चर्चच्या फळ्यावर स्तोत्रांचे क्रमांक तोच लावतो, तीस वर्षं. नर्स तुइयाने यंत्र देताना बजावलं होतं, सकाळी कॉफीच्या आधी आणि संध्याकाळी, स्वस्थ बसून मोज. याने मान डोलावली आणि रोज सौना झाल्यावर मोजलं. घाम निघून दाब उतरला की आकडा टिपायचा. वही इतकी सोज्वळ, की पाद्रीबुवांनी वाचून दाखवावी.

"सकाळी का मोजत नाहीस?"

"सकाळी यंत्र गारठलेलं असतं."

"यंत्र की तू?"

हसले मी, पण हसण्यासारखं नव्हतं. गेल्या रविवारी बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने अंत्यविधीच्या स्तोत्राचा क्रमांक लावला. आमची माणसं फळ्यावर असेल ते गातात. पाचही कडवी मनापासून झाली, रडणारं बाळसुद्धा गप्प झालं. तुइया म्हणाली होती, दाब वाढलेला राहिला आणि वर सारखा असा चढत-उतरत राहिला, की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या झिजतात. मग आठवण हळूहळू गळायला लागते.

म्हणून आज सकाळी कॉफीचं भांडं मी आधीच उचलून ठेवलं. "आधी दंड, मग कॉफी."

एकशे अठ्ठ्याहत्तर. थोड्या वेळाने पुन्हा, एकशे चौऱ्याहत्तर.

त्याने दंडावरचा पट्टा काढून ठेवला. मग म्हणाला, "हे लिहिलं तर फळा काढून घेतील माझ्याकडून."

"आणि नाही लिहिलंस तर क्रमांकच आठवायचे नाहीत. मग त्या फळ्यावर काय, मासे चिरणार?"

पेन्सिल घेतली त्याने. आकडा इतका बारीक लिहिला की तुइयाला भिंग लागलं असतं. मी तो त्याच्याच हाताने ठळक गिरवून घेतला. देवा, याला औषध लागू पडो, आणि त्याच बाटलीत थोडी अक्कलही असो.

उद्या आठ वाजता ओइवाला वही घेऊन आरोग्यकेंद्रात तुइयाकडे न्यायचं आहे.