चेन निघाली नव्हती

“वळण हाय पोराला,” पाटील म्हणाले.

मी वेशीत गुडघा टेकून बसलो होतो. समोर सायकल. हातानं चेन चाचपत होतो आणि चेन जागच्या जागी होती. बोटं उगाच काळी करून घेत होतो. माझ्याबरोबरचे पाच जण पुढे मारुतीच्या पारापाशी जाऊन थांबले होते. माना वळवून बघत होते. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, धुळीसाठी तोंडाला रुमाल, अंगात रंगीत जर्सी. माझ्याही.

त्यांच्यातला नदीम ओरडला होता, “क्या हुआ रे?”

“चेन निघाली,” मी म्हणालो होतो.

पाटील पारावर ऊन खात बसले होते. खांद्यावर शाल, हातात चहाचा ग्लास. ते हसले. कुजकट नाही, कौतुकानं हसले. आणि माझ्या मित्रांना सांगितलं, “चेन न्हाई निघाली त्याची. ह्यो आमच्या बाब्याचा पोरगा. एवढा शिकायलाय गुलबर्ग्याला, तरी वेशीत उतरला बघा. वळण हाय पोराला.”

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उलट बोलता येतं. कौतुकाला काय बोलणार? मी मान खाली घालून पुन्हा त्या धडधाकट चेनीत बोटं घातली.

आमच्या गावात मांगवाड्यातल्या माणसानं सायकल वेशीत थांबवायची. खाली उतरायचं. हँडल धरून पारासमोरून, पाटलांच्या दारावरून चालत जायचं. आमच्या वस्तीचं वळण आलं की मग बसायचं. कुठं पाटी लावलेली नाही. कुणी कुणाला सांगत नाही. ग्रामपंचायतीत विचारलंत तर म्हणतील, असलं काही नाही आमच्याकडे, सगळे गुण्यागोविंदानं राहतो. आणि ते खोटंही बोलत नसतील, कारण आम्ही उतरतो ते त्यांना दिसतच नाही. सूर्य उगवलेला कोण मुद्दाम बघतो?

मी लहान असताना अप्पाच्या सायकलीच्या दांडीवर बसून आळंदच्या बाजारातून येत होतो. हातात बत्तासे होते. अप्पा वेशीत उतरला, मी बसूनच राहिलो. सायकल अप्पा ढकलत होता, मी घंटी वाजवत होतो. पारावरून कुणीतरी म्हणालं, “बाब्या, राजाची स्वारी कुठं निघाली रं?” सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. अप्पानं मला बखोट धरून खाली ओढलं आणि सगळ्यांसमोर कानाखाली वाजवली. बत्तासे धुळीत पडले. ती एक थप्पड. त्यानंतर मला कधी काही सांगावं लागलं नाही. कित्येक वर्षं मी मनातल्या मनात अप्पाचा राग केला. हसणाऱ्यांचा केला नाही. ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग शिकत शिकत कलबुर्गीला, गावच्या बोलीतल्या गुलबर्ग्याला, आलो. एम.ए.ला. हॉस्टेलात एक सीनियर शहर सोडून चालला होता, त्याची गिअरची सायकल मला मिळाली. रंग उडालेली, पण चाकं चांगली. त्या सायकलीनं मला वेड लावलं. दर रविवारी आम्ही सहा जण पहाटे निघायचो. कधी हुमनाबादकडे, कधी चिटगुप्प्याच्या बाजारात जाऊन गरम मिरची भजी खाऊन परत. एकदा अवकाळी पावसात काळी माती चाकात अशी बसली की चाक फिरेना. तुरीच्या काडीनं माती उकरत आणि एकमेकांना शिव्या घालत आम्ही दुपार काढली. एवढा मी आयुष्यात कधी हसलो नव्हतो. समोरून वारं सुटलं की सगळे मला पुढे काढायचे आणि माझ्या आडोशाला चालवायचे. माझ्या पायात दम होता. शेतातला दम.

खरं सांगतो, सीटवर बसलं की माणूस जमिनीपासून हातभर वर जातो, ते मला फार आवडायचं. गावं येत, वेशी येत, मी बसूनच पार होई. कुत्री अंगावर येत, पोरं टाटा करत. कुणी विचारत नसे, कुणाचा रे तू?

मित्रांनीही विचारलं नव्हतं. गाव कुठलं, तर आळंदकडे. बस्स. आडनाव मी सांगितलं नाही, त्यांना लागलं नाही. माय फोन करायची तेव्हा मी कुठल्यातरी चढावर धापा टाकत असायचो. “रविवारचा जादा क्लास हाय माय,” म्हणायचो. ती तिकडं पाटलांच्या तुरीत वाकलेली असायची. फोन ठेवल्यावर थोडा वेळ पायडल जड लागायचं. मग उतार आला की विसरायचो. विसरायचो, हे जास्त वाईट.

त्या रविवारसाठी नदीमनं आदल्या दिवशी मोबाईलवर एक तलाव शोधून काढला. रस्ता आमच्या गावातून जात होता. मी म्हणू शकलो असतो, तिकडं रस्ता खराब आहे. म्हणालो नाही. मला जायचं होतं. हेल्मेट घालून, तोंड झाकून, पाच जणांच्या मध्ये, एकदा आपल्या वेशीतून बसून जायचं होतं. रात्रभर त्या विचारानं झोप लागली नव्हती. कुणी ओळखणार नाही, अप्पाला त्रास होणार नाही, आणि मी गेलेला असेन. चोरासारखा विचार. पण माझ्यासाठी तोच मोठा होता.

आणि वेस आली. पुढचे पाच जण गप्पा मारत सरळ आत गेले. माझ्या हातानं ब्रेक दाबला. पाय खाली आला. मी ठरवलं नव्हतं. माझं अंग मला न विचारता उतरलं. आणि त्या उतरण्यावरूनच पाटलांनी मला ओळखलं. हेल्मेट आणि रुमालातून चेहरा कुणाला दिसला नसता. मांगवाड्यातून शहरात शिकायला गेलेला मी एकटाच, उतरलो म्हणून सापडलो.

पाटलांनी सगळ्यांना चहाला बोलावलं. अंगणात बाजा टाकल्या. “या की, पाव्हणे. थंडीचं आलात.” मग माझ्याकडे बघून अगदी मायेनं म्हणाले, “तू घरला जा की रं. माय असंल. मायच्या हातचा चहा पी.”

या वाक्यात कुठं बोट ठेवणार? कुणीही ऐकलं तर म्हणेल, किती भला माणूस. नदीम घुटमळला. माझ्याकडे बघत राहिला. आणि मीच म्हणालो, “जाओ तुम, मैं घर जाके आता.” त्यांचं काम मीच सोपं करून दिलं. ते आत गेले. मी हँडल धरून चालत निघालो.

वस्तीच्या वळणावर अप्पा उभा होता. डोक्यावर कडब्याची पेंढी. त्यानं सगळं लांबून बघितलं होतं. मला वाटलं, विचारेल, कामून आलास न सांगता? पण त्याच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं होतं.

“बरं केलंस,” अप्पा म्हणाला. “उतरलास ते बरं केलंस.”

पाटलांचं कौतुक मी गिळलं होतं. अप्पाचं घशाखाली जाईना.

घरी मायनं चहा ठेवला. माझी जर्सी दोन बोटांत धरून बघितली. “लईच घट्ट हाय रं हे. गारठा न्हाई व्हय भरत?” मग सहज विचारलं, “आज क्लास न्हाई?” मी नुसती मान हलवली.

अप्पा उंबऱ्यात बसला होता. म्हणाला, “पाटलाची तूर काढायलोत. येत्या हप्त्यात रास हाय.” रास म्हणजे खळ्यावर धान्याचा ढीग लावायचा. पाटलांच्या खळ्यावर पहिलं सूप अप्पाच उधळायचा, माझ्या जन्माच्या आधीपासून. त्याला त्याचा मान वाटायचा. “आता मधी काय बी करू नगंस,” अप्पा म्हणाला. मी काही करणार आहे, हे त्याला माझ्या आधी कळलं असावं.

नदीमचा फोन आला. ऊन चढलं होतं, तलाव रद्द, परत निघायचं. मी उठलो तर अप्पानं माझ्या सायकलीचं हँडल धरलं. “मी सोडतो तुला वेशीपतोर.” म्हणजे मी बसू नये. एवढ्यासाठी तो आला. पोराची गिअरची सायकल ढकलत म्हातारा पुढे आणि मी मागे. पाटलांच्या दारावरून आम्ही तसे गेलो.

पारापाशी पाचही जण सायकलीवर बसून तयार होते. नदीम म्हणाला, “चाचा, आप कायकू ढकलरै? उसकू बैठने बोलो ना.”

“असू दे, असू दे,” अप्पा हसला. ओशाळं हसू.

मी पाराकडे बघितलं. मला वाटलं होतं, पाटील टक लावून बघत असतील. ते बघतसुद्धा नव्हते. शेजारच्या माणसाशी तुरीच्या भावाचं बोलत होते. बघायची गरजच नव्हती त्यांना. मी उतरणार, अप्पा ढकलणार, याची एवढी खात्री. तिथं माझं डोकं फिरलं. मला राग आला, आणि पहिल्यांदा तो अप्पाचा नव्हता.

“अप्पा, सोड.”

“वेशीभाईर बस.”

“हितंच बसणार.”

त्यानं हँडल सोडलं, पण सीट धरली. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. जाड, भेगाळलेली बोटं. जोर त्याच्यात माझ्यापेक्षा जास्त आहे. मनात आणलं असतं तर त्यानं सोडलंच नसतं. मी टांग टाकली आणि पारासमोरून, सगळ्यांसमोरून, बसून निघालो.

“बाब्या,” मागून पाटील म्हणाला. एवढंच. नुसतं नाव. चढ्या आवाजात नाही.

मी वळून बघितलं नाही. वळून बघायला पाहिजे होतं. अप्पा तिथं एकटा उभा होता.

रस्त्याला लागल्यावर नदीम बाजूला आला. “वो क्या था रे?” मी सांगितलं. सगळं, आडनावासकट. त्यानं पायडल मारणं थांबवलं, सायकल नुसती घरंगळू दिली. मग म्हणाला, “मैंने चाय पी ली रे.”

“हाँ,” मी म्हणालो. “पी ली.” समजूत घातली नाही. माझ्याजवळ वाटण्याइतकी समजूत नव्हती.

पुढच्या आठवड्यात पाटलाच्या खळ्यावर रास झाली. अप्पाला बोलावणं आलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी धमकी दिली नाही. दुसऱ्या एकाच्या हातात सूप दिलं, झालं. आता अप्पा पलीकडच्या गावी जातो, मिळेल त्या कामाला. मायलाही पाटलाच्या शेतात कुणी हाक मारत नाही.

अप्पाचा फोन आला. चिडला नव्हता. “तू बसलास आन् गेलास,” तो म्हणाला. “मला हितंच ऱ्हायचं हाय. रोज उतरायचं हाय.”

त्यानंतर मी सायकलीला हात लावला नाही. हॉस्टेलच्या जिन्याखाली ती धूळ खात पडली. भाकरी मोडताना अप्पाची बोटं आठवायची. पाच सायकलींच्या आडोशानं मी शूर झालो होतो, आणि त्याची किंमत तिथं नसलेल्या मायनं आणि तिथंच राहिलेल्या अप्पानं मोजली. हे अपराधीपण खोटं नाही. ते मी कुणाला धुऊन टाकू देणार नाही.

पण घोळवून घोळवून विचार केला तेव्हा एक गोष्ट दिसली. वेशीत उतरलो, तेव्हा मला अपराधी वाटलं. वेशीतून बसून गेलो, तेव्हाही मलाच. अप्पानं मारलं त्याचं अप्पाला वाटलं असणार, मारलं नसतं तरी वाटलं असतं. उतरलं तरी पाप आमच्या पदरात, बसलं तरी आमच्याच. आणि ज्यानं अप्पाच्या हातातलं सूप काढून घेतलं, तो पारावर ऊन खातोय. त्याला झोप लागते. त्याच्या वाटणीचं अपराधीपण आम्ही पिढ्यानपिढ्या वाहतोय, त्याचं ओझं त्याला दाखवलंसुद्धा नाही.

माझ्या वाटणीचं मी ठेवून घेतो. अप्पाची बोटं सोडवली, वळून बघितलं नाही, ते माझं. बाकीचं ज्याचं त्याला नेऊन देणार.

काल सायकल काढली. पुसली, हवा भरली. नदीम म्हणाला, मैं भी आता. मी नाही म्हणालो. या वेळी पुढे कुणी नको, मागे कुणी नको. जर्सी नको, हेल्मेट नको, रुमाल नको. तोंड दिसलं पाहिजे. वेशीतून बसून जाणार. पारासमोर थांबणार, सीटवरूनच, एक पाय जमिनीला टेकून. आणि पाटलाला गावासमोर विचारणार, माझ्या अप्पाला राशीला का बोलावलं नाही? चेन, क्लास, रस्ता, कसलंही निमित्त सांगणार नाही. उत्तर दिलं नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही.

मायला फोन करून सांगितलं. ती हळू म्हणाली, “मागनं नाल्याकडनं ये रं लेकरा. कुणाला कळायचं न्हाई.”

“कळू दे, माय,” मी म्हणालो. “अप्पानं माझ्यासंगं पारावर उभं ऱ्हायचं का न्हाई, ते अप्पानं ठरवावं. मी वेशीतून यायलोय. बसून.”