तांड्याचं अजून ठरलं नाही

“आमचं अजून ठरलं नाही,” असं म्हणून नायक पागोट्याचं सुटलेलं टोक पुन्हा खोचायचे. निवडणुकीत तुम्ही कधी सतरंज्या उचलल्या असतील, तर असा एखादा म्हातारा तुम्हालाही भेटला असेल.

मानोऱ्याजवळच्या एका तांड्याचे ते नायक. तांड्यात त्यांचा शब्द शेवटचा. तो मिळवण्याचं काम पक्षाने माझ्यावर सोपवलं होतं. माझ्या घरी भाजी कोणती होणार यावरही माझं चालत नाही, हे पक्षाला ठाऊक नव्हतं.

दोन्ही उमेदवार आम्हा बंजाऱ्यांतलेच. दोघेही नायकांच्या एकाच बाजेवर बसून काळा चहा पिऊन गेले.

“नायकबाबा, आपला उमेदवार समाजाचा हाय.”

“मंग तो दुसरा काय चीनहून आला?”

“मंग ठरवा ना!”

“ठरवनारे उसात हायेत. त्याहिले आना.”

अर्धा तांडा ऊसतोडीला पार तिकडे कोल्हापूरकडे गेलेला. त्यात नायकांचा एकुलता मुलगाही. घरात त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली. अंगणात कोणाचीही गाडी थांबली की ती आतून विचारायची, “आला का वो?”

बहुतेक वेळा मीच आलेलो असायचो.

“मायच्या दुखन्याचं सांगून बलवा ना त्याले,” मी शहाणपणा केला.

“सांगतलं. मुकादम म्हन्ते, माय सगळ्याइचीच दुखते.” नायकांनी टोक खोचलं. “तू मताचं सांगून पाह्य बरं.”

आमच्या साहेबांचा एक फोन गेला आणि मुकादम विरघळला. आम्ही एक गाडी पाठवली. हे कळताच समोरच्यांनी दोन पाठवल्या.

मतदानाच्या सकाळी मुलगा आमच्या गाडीतून उतरला. आतून “आला का वो?” झालं. नायक दारातून नुसते बाजूला झाले.

बराच वेळ झाला. केंद्रावर रांग वाढत होती.

“नायकबाबा, ठरलं का मंग?”

“थांब ना, बापू. माय-लेकाचं बोलनं चालू हाय.”

निकालात तांड्याची मतं निम्मी इकडे, निम्मी तिकडे. मी जाब विचारायला गेलो.

“गाड्या दोघाइच्याबी आल्या होत्या,” नायक म्हणाले. “त्याइच्या तं दोन. तरी तुमाले निम्मे देल्ले.”

नायकांची बायको उन्हाळ्यात गेली. तोड संपली होती, मुलगा घरीच होता.

नायक गेले ते पुढच्या तोडीच्या हंगामात. मुलाला आणायला गाडी मिळेल का, म्हणून मी साहेबांना फोन केला.

“काहून? मतदान हाय का कुठलं?” त्यांनी विचारलं.

नव्हतं.

मुलगा एसटी बदलत बदलत पोचला, तेव्हा बाजेवर नुसतं पागोटं होतं. टोक सुटलेलं.